एटापल्लीकडच्या सुरजागडच्या लोहखडकात पट्टे का दिसतात? त्यावरून जुन्या समुद्राचं काय कळतं?

तांबडे-करडे पट्टे लोहाच्या ऑक्साइडचे, मधले फिकट पट्टे सिलिकाचे. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहारा गावाजवळही असाच पट्टेदार खडक आहे. हा गाळ समुद्रतळाशी बसलेला.

लोह जास्त असलेल्या बोअरचं पाणी उपसताना नितळ असतं, बादलीत थोडा वेळ ठेवलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे तांबूस होतं. तेव्हाच्या समुद्रात रसायन हेच. पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसल्यामुळे तळातल्या उष्ण झऱ्यांतून आलेलं लोह विरघळलेलंच राहायचं. आजच्या समुद्रात ते टिकत नाही, लगेच खाली बसतं. म्हणजे एवढं लोह साठलं होतं, हाच तेव्हाचा समुद्र वेगळा असल्याचा पुरावा.

पण ‘पट्टे दिसले म्हणजे हवेत ऑक्सिजन होता’ असं लोक सर्रास लिहितात, ते मला पटत नाही. काही जिवाणू ऑक्सिजनशिवाय, नुसत्या सूर्यप्रकाशावर लोहाचं ऑक्सिडीकरण करतात, म्हणजे विरघळलेल्या लोहाचा गंज बनवतात. पट्टे आलटूनपालटून का पडले, यावरही अजून वाद आहे.

हवेबद्दल खरी साक्ष गंधकाची. ओझोन ऑक्सिजनपासूनच बनतो; तो नसताना सूर्याची अतिनील किरणं थेट खालच्या हवेत पोचायची आणि गंधकाच्या वायूंचं विघटन करायची. त्यातून गंधकाच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) एक विचित्र प्रमाण खडकांत उमटलं. भूरसायनशास्त्रज्ञ जेम्स फार्कर आणि सहकाऱ्यांनी ते 2000 साली दाखवलं. सुमारे 240 ते 230 कोटी वर्षांपूर्वी ही खूण नाहीशी होते, म्हणजे हवेत ऑक्सिजन टिकू लागला.