प्रागैतिहासिक शिलारचनेला ‘स्मारक’ म्हणावे काय?

इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्रचंड शिलांच्या वर्तुळाकार रचनेविषयीच्या मराठी लेखनात ‘प्रागैतिहासिक स्मारक’ हा शब्दप्रयोग आढळतो. परंतु स्मारक हे कोणाच्या तरी स्मृतीसाठी उभारलेले असते आणि येथे तर उभारणाऱ्यांचा हेतूच निश्चित माहीत नाही, तेव्हा हा प्रयोग सदोष नाही का, अशी पृच्छा आहे.

माझ्या मते तो सदोष नाही. ‘स्मृ’ धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा अर्थ ‘स्मरण करून देणारे’ इतकाच आहे. ‘स्मरणार्थ बांधलेले’ हा अर्थसंकोच पुतळे आणि समाधी यांच्या सहवासाने पुढे आला असावा. ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये नेमका हाच भेद मांडला होता. काही स्मारके त्या हेतूनेच उभारलेली असतात, तर काहींना पुढच्या पिढ्या स्मारकपण देतात. स्टोनहेंजच्या आरंभीच्या काळात तेथे दहन केलेल्या मृतांचे अवशेष पुरले जात होते, त्यामुळे पहिला अर्थही तेथे अगदीच गैरलागू नाही. तरीही आज आपण ज्या अर्थाने त्यास स्मारक म्हणतो तो दुसराच होय.

हे स्मारकपण देण्यात चित्रकारांचा वाटा मोठा आहे. जॉन कॉन्स्टेबल यांनी १८३६ मध्ये स्टोनहेंजचे जलरंगचित्र प्रदर्शित केले, तेव्हा सोबतच्या मजकुरात त्यांनी त्यास गूढ स्मारक म्हटले आणि त्याच वाक्यात ते गतकाळातील घटनांशी जसे असंबद्ध तसेच वर्तमानातील उपयोगांशीही, असे नमूद केले. म्हणजे पृच्छकांना खटकणारी विसंगती कॉन्स्टेबल यांना ठाऊक होती. किंबहुना तीच त्यांच्या चित्राचा विषय आहे. पुढे इंग्लंडमधील एव्हबरी या दुसऱ्या प्रागैतिहासिक स्थळावरील शिला पाहून चित्रकार पॉल नॅश यांनी १९३५ मध्ये शेतात उभ्या-आडव्या ठेवलेल्या भौमितिक आकारांचे चित्र रंगवले. त्यात ना पुरोहित आहेत ना विधी. शिलांच्या आकारमानाचे आणि भूमीशी असलेल्या त्यांच्या नात्याचे तेवढे स्मरण उरते. (अशा शिलांमध्ये ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, विधी करताना दाखवणाऱ्या काल्पनिक दृश्यांपेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटते.)

कायद्यानेही हा शब्द व्यापक अर्थानेच घेतला आहे. ब्रिटनमधील १८८२ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याच्या यादीत मुख्यतः प्रागैतिहासिक स्थळे होती, तर भारताच्या १९५८ च्या अधिनियमातील ‘प्राचीन स्मारक’ या संज्ञेत दफनस्थळे, गुहा, शैलशिल्पे आणि एकाश्म (एकसंध उभ्या शिला) यांचाही समावेश होतो.

‘स्मारका’च्या जोडीने येणाऱ्या ‘सार्वजनिक वारसा’ या शब्दप्रयोगाबाबत मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण वारसा म्हटला की वारस आला आणि येथे वारस ठरवून घ्यावा लागला. १९१५ पर्यंत स्टोनहेंज खासगी मालमत्ता होती. त्या वर्षी सेसिल चब यांनी ते लिलावात ६,६०० पौंडांना घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला दिले. ‘सार्वजनिक’ हे विशेषण असे नंतर आले, आणि तेही मर्यादांसह, कारण शिलांची झीज टाळण्यासाठी सामान्य प्रेक्षकाला एरवी त्यांच्यामध्ये जाता येत नाही. ब्रिटिश कलावंत जेरेमी डेलर यांनी २०१२ मध्ये स्टोनहेंजची हवा भरलेली पूर्णाकार प्रतिकृती केली आणि लोकांना तीवर उड्या मारू दिल्या. तिचे नाव त्यांनी ‘सॅक्रिलेज’, म्हणजे पावित्र्यभंग, असे ठेवले. मूळ शिलांपाशी जे करता येत नाही ते येथे सर्वांना मोकळे होते, आणि सार्वजनिक मालकी म्हणजे काय हा प्रश्न त्या खेळातूनच उभा राहत होता.

लेखनात भेद करायचा तो असा: बांधकामाचे वर्णन करताना ‘शिलावर्तुळ’ किंवा ‘महापाषाणीय रचना’ हे शब्द वापरावेत, विदर्भातील जुनापाणीसारख्या स्थळांच्या अभ्यासामुळे ‘शिलावर्तुळ’ मराठीत रुळलेलाच आहे. संरक्षण, मालकी किंवा कलावंतांनी त्या रचनेला दिलेले रूप यांविषयी लिहिताना ‘स्मारक’ निःशंक लिहावे. ‘स्मारकशिला’ मात्र टाळावा, कारण त्यातून एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या स्मरणार्थ शिला रोवल्याचा दावा सूचित होतो, आणि तशा दाव्याला स्टोनहेंजच्या बाबतीत आधार नाही.