‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा मैफलीचा चित्रपट आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ हा मानसशास्त्रीय थरारपट यांविषयी आपले मत काय? दोन्हींचा दिग्दर्शक एकच आहे, हे पाहताना जाणवते का?

हो, जाणवते, आणि ते कथेतून किंवा विषयातून नव्हे, तर दिग्दर्शक जोनाथन डेमी माणसाच्या चेहऱ्याला किती वेळ आणि किती जवळून पाहू देतात, त्यातून जाणवते.

‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) हा टॉकिंग हेड्स या अमेरिकी बँडच्या कार्यक्रमांचा चित्रपट आहे आणि त्याचे चित्रीकरण डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात झाले. पडद्यावर प्रथम दिसतात ते चालत येणारे पांढरे बूट. मग बँडचे गायक डेव्हिड बर्न उघड्याबोडक्या रंगमंचावर टेपरेकॉर्डर खाली ठेवतात, एक टेप ऐकवायची आहे असे सांगतात आणि एकट्या गिटारवर ‘सायको किलर’ म्हणतात. पुढच्या गाण्याला बास गिटार घेऊन टीना वेमाउथ येतात, त्यानंतर काळ्या कपड्यांतले कामगार ड्रम्सचा चौथरा ढकलत आणतात आणि ख्रिस फ्रँट्झ वाजवायला बसतात, मग जेरी हॅरिसन. अशी एकेकाची भर पडत नऊ जणांचा ताफा आपल्यासमक्ष उभा राहतो. एखादे वाद्य आल्याने गाण्यात नेमके काय वाढले, हे संगीताचे कसलेही शिक्षण नसलेल्या माणसालाही येथे स्वच्छ ऐकू येते, आणि मला या चित्रपटाचे हेच सर्वांत मोठे यश वाटते. मुलाखती नाहीत, पडद्यामागच्या गप्पा नाहीत आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षक जवळजवळ शेवटापर्यंत दाखवलेले नाहीत. ‘वन्स इन अ लाइफटाइम’मध्ये तर कॅमेरा बराच काळ एकट्या बर्न यांच्यावरच खिळून राहतो, त्यांचा घामाने निथळणारा चेहरा आणि झटके खाणारे अंग पाहताना कुठे टाळी द्यावी, हे आपल्याला कोणी सुचवत नाही.

१९९१च्या थरारपटात हीच नजर भीतीसाठी वापरली आहे. एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस (जोडी फॉस्टर) एका खुन्याच्या तपासासाठी गुन्हेगार मनोरुग्णांच्या रुग्णालयात कैदेत असलेला नरभक्षक मनोविकारतज्ज्ञ लेक्टर (अँथनी हॉपकिन्स) याला भेटते. त्याच्या कोठडीला गज नसून काच आहे, त्यामुळे दोघांच्या मध्ये डोळ्यांना आड येणारे काहीच उरत नाही. लेक्टर बोलताना थेट कॅमेऱ्याच्या भिंगात, म्हणजे आपल्याकडे पाहतो. क्लॅरिसची नजर मात्र बहुधा भिंगाच्या किंचित बाजूला असते, आणि त्यामुळे आपण नकळत तिच्या जागी जाऊन बसतो. शिवाय तिच्याकडे असे रोखून पाहणारा लेक्टर एकटा नाही. तिचे वरिष्ठ, रुग्णालयाचा प्रमुख, गावातले पोलीस हे सारे तसेच पाहतात, आणि सुरुवातीला लिफ्टमध्ये उंचपुऱ्या पुरुषांच्या गराड्यात ती उभी असते तेव्हाच तिच्या वाट्याला काय येणार आहे, हे कळून चुकते. एका स्त्रीला कामाच्या ठिकाणी दिवसभर या नजरा पेलाव्या लागतात, ही गोष्ट मला त्यातल्या खुनांपेक्षा अधिक खोलवर बोचते.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच प्रमुख ऑस्कर या थरारपटाला मिळाले आणि ते योग्यच होते, असे मी मानतो. तरीही ज्या खुन्याचा शोध चालू आहे त्याचे, स्त्री होऊ पाहणारा पुरुष असे केलेले चित्रण मला खटकते. तो खराखुरा लिंगपरिवर्तनेच्छू नाही, असा खुलासा संवादात येतो खरा. पण पडद्यावरच्या प्रतिमा त्या एका वाक्यापेक्षा कितीतरी बलवान आहेत, आणि समलिंगी व तृतीयपंथी समाजातून त्या काळी झालेला निषेध मला रास्त वाटतो.

आधी मैफलीचा चित्रपट पाहावा, तोही चांगल्या स्पीकरवर. २०२३ मध्ये त्याची नव्याने सुधारलेली प्रत प्रदर्शित झाली आहे, तीच मिळवावी. थरारपट मात्र मुलांसोबत पाहू नये, आणि त्याची कथा आधी कुठेही वाचू नये.