कथक आणि भिगवणचे पक्षी, दोन्हींसाठी कॅनन आर१० पुरेल का?

तुम्ही विचारलंय की मुलीचे कथकचे कार्यक्रम आणि हिवाळ्यात भिगवणला पक्षी, एवढ्यासाठी कॅनन ईओएस आर१० हा कॅमेरा घ्यावा की थोडं थांबून त्यांचाच आर७ घ्यावा. आणि जुन्या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) ५५-२५० मिमी एसटीएम लेन्स त्यावर चालेल का. मी दोन वर्षं आर१० वापरतोय आणि माझेही बरेचसे फोटो याच दोन प्रकारांचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आर१० घ्या. या कॅमेऱ्यात पैसे कशाचे मोजायचे, तर फोकसचे. २४.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरपेक्षा लहान) सेन्सर चांगला आहे, पण तसे सेन्सर बऱ्याच कॅमेऱ्यांत मिळतात. २०२२ साली हा आला तेव्हा कॅननने आपल्या महागड्या कॅमेऱ्यांमधली डोळा ओळखणारी फोकस प्रणाली या किमतीत दिली, आणि फरक तिथेच पडतो. माझ्या आधीच्या डीएसएलआरवर नऊ फोकस बिंदू होते, त्यातला मधलाच भरवशाचा. उडता पक्षी त्या एका बिंदूखाली धरून ठेवायचा म्हणजे फोटोची मांडणी विसरायचीच. आर१० वर मेनूत विषय म्हणून ‘प्राणी’ निवडा, फोकसचं क्षेत्र पूर्ण चौकटभर ठेवा. पक्षी चौकटीत पुरेसा मोठा असेल तर फोकसचा चौकोन आपोआप त्याच्या डोळ्यावर जाऊन बसतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो.

पक्षी अगदी लहान दिसत असेल किंवा मध्ये गवत, पाणवनस्पती असतील तर मात्र ही ओळख गोंधळते आणि पुढच्या काडीवर फोकस जातो. अशा वेळी जॉयस्टिकने छोटा बिंदू निवडून आधी पक्ष्यावर आणायचा. कॅननचाच आर५० स्वस्त पडतो, पण त्याला जॉयस्टिक नाही. पक्ष्यांसाठी मला ही उणीव मोठी वाटते.

आता भिगवणचं. कुंभारगावाहून होडी निघते तेव्हा उजेड जेमतेम असतो. सुरय (मासे पकडणारा पाणपक्षी) पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली येतो. तो क्षण पकडायला १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. आर१० यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ फोटो काढतो, इलेक्ट्रॉनिकवर २३. तुम्ही १५ वरच राहा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि या सेन्सरचं ते वाचन सावकाश होतं. तेवढ्या वेळात पंख पुढे गेलेला असतो, त्यामुळे फोटोत तो विचित्र वाकलेला दिसतो. संथ चालणाऱ्या रोहितांना (फ्लेमिंगोंना) काही होत नाही, सुरयाचं मात्र चित्र बिघडतं. आणि बोट दाबून धरू नका. पूर्ण रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) साधारण दोन सेकंदांत बफर, म्हणजे कार्डावर जाईपर्यंत फोटो साठवायची जागा, भरतं, मग नेमका पक्षी सूर मारताना कॅमेरा थबकतो. सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ) ठेवलं तर फाइल लहान होते आणि मालिका लांबते. छपाई मोठी करूनही मला दोन्हींत फरक दिसलेला नाही.

तुमची ५५-२५० नक्की चालेल. ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लागेल. त्यात काच नसते, लेन्स सेन्सरपासून योग्य अंतरावर धरायची एवढंच त्याचं काम, त्यामुळे प्रकाशही घटत नाही. २५० मिमी म्हणजे या सेन्सरवर फुल फ्रेमच्या ४०० मिमीइतकी चौकट. रोहितांच्या थव्याला पुरते, एकट्या शेकाट्याला (लांब पायांच्या छोट्या पाणपक्ष्याला) कमी पडते. पुढे पैसे जमले की आरएफ १००-४०० घ्या. ती फक्त ६३५ ग्रॅमची आहे, होडीत दोन तास हातात धरली तरी मनगट दुखत नाही. ४०० मिमीला तिचं अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/८ आहे हे ऐकून लोक नाक मुरडतात. डीएसएलआरवर एवढ्या लहान अॅपर्चरला फोकस अडायचा हे खरं, पण इथे फोकस थेट सेन्सरवरूनच होतो, त्यामुळे एफ/८ ला तो व्यवस्थित चालतो. प्रकाश मात्र कमीच मिळणार. सूर्य वर येईपर्यंत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० धरून चाला. फोटोत बारीक कण दिसतील, पण पिसांचा तपशील टिकतो. थोडे कण असलेला धारदार फोटो मी हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही पसंत करतो.

कथकला गणित उलटं होतं. तिथे अंतर कमी आणि अंधार जास्त. ५५-२५० टोकाला एफ/५.६ आहे, सभागृहात ती तुम्हाला रडवेल. जुनी ईएफ ८५ मिमी एफ/१.८ वापरलेली मिळाली तर घ्या, त्याच अडॅप्टरवर चालते. एफ/५.६ च्या तुलनेत ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते, आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतून पूर्ण नर्तिका चौकटीत बसते. विषय ‘माणूस’ करा, शटर १/५०० च्या आसपास. चक्कर घेताना चेहरा वळला की डोळ्यावरचा चौकोन डोक्यावर सरकतो आणि समेला ती समोर थांबली की परत डोळ्यावर येतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फोटो काढायचं थांबून तेच बघत बसलो होतो. रंगमंचावर एलईडी दिवे असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर इथेही बंद, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात.

आर७ मध्ये सेन्सरच हलवून कंप शोषण्याची सोय आहे, दोन कार्डं बसतात आणि बॅटरी मोठी आहे. आर१० मध्ये यातलं काहीच नाही. पण कंप शोषल्याने तुमचा हात स्थिर होतो, नाचणारी मुलगी किंवा उडणारा पक्षी नाही. तुमच्या दोन्ही कामांत विषय हलतो आणि तिथे शटरचा वेगच उपयोगी पडतो. लग्नाची कामं घेऊन पैसे कमवायचे असते तर दोन कार्डांसाठी मी आर७ च सांगितला असता.

बॅटरी मात्र पहिल्याच दिवशी दुसरी घ्या. एलपी-ई१७ छोटी आहे आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलात की सकाळ संपायच्या आत संपते. पाऊस-धुळीपासून बॉडीला खास संरक्षण नाही, होडीत एक प्लास्टिकची पिशवी जवळ असू द्या.

कथकचा कार्यक्रम जवळ आला असेल तर खरेदीचा क्रम असा ठेवा: बॉडी, अडॅप्टर, ८५ मिमी. भिगवणच्या या मोसमाला ५५-२५० चालवून घ्या आणि १००-४०० पुढच्या हिवाळ्याआधी बघा. फक्त अडॅप्टर घेताना तुमची स्वतःची लेन्स दुकानात न्या, लावून दोन-चार फोटो काढा आणि फोकस बसतोय हे तिथेच पाहून घ्या.