वासराच्या पाठीवरच्या भेगा

लेकरा,

तुझा निरोप मिळाला. परवा वडिलांबरोबर आलास तेव्हा दारातल्या सिमेंटच्या वासराच्या पाठीवरून तू बराच वेळ हात फिरवत होतास, ते मी आतून बघितलं होतं. आता विचारतोस, ‘आत्या, एवढं देखणं वासरू, त्याच्या अंगावर भेगांचं जाळं कशानं आलं? आणि आलं तर मग ते दारातच का ठेवलं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. बागेतली शिल्पं ओतायला शिकायचं म्हणतोस ना, तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

ते वासरू मी मार्च २०१६मध्ये ओतलं. त्या साली लातूरचं काय झालं होतं ते तू घरात ऐकलंच असशील. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मी तिसऱ्या दिवशी साचा उघडला आणि माझे डोळे भरून आले, इतकं नेमकं उतरलं होतं. कानाच्या आतली शीर, नाकपुडीची ओल वाटावी अशी गोलाई, पोटाखाली मुडपलेला पाय, सगळं. आता त्याला दहा-बारा दिवस ओलं ठेवायचं होतं. त्याच दिवशी यायचा टँकर आला नाही. घरात दोन हंडे पाणी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी वासराला पाणी दिलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी पाठीवर केसाएवढ्या रेषा दिसल्या. संध्याकाळपर्यंत त्या एकमेकींना मिळाल्या आणि आटलेल्या तळ्याच्या गाळासारखं जाळं तयार झालं.

म्हणजे चूक ओतण्यात नव्हती. सिमेंट-वाळूचा माल चांगला होता, साचा चांगला होता. चुकलं ते नंतरचं.

हे नीट समजून घे, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात. सिमेंट सुकून घट्ट होत नाही. चिखल सुकतो. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यातून ते पक्कं होत जातं. पहिल्या दिवशी ते हाताला कडक लागतं, पण आतलं काम नुकतं सुरू झालेलं असतं. ते जोरात चालतं पहिले सात दिवस, मग मंदावतं, आणि अठ्ठाविसाव्या दिवशीची ताकद म्हणून जी मोजतात तिथपर्यंत पोचायला त्याला आतून ओल लागते. ऊन-वाऱ्यानं वरचा थर आधी वाळला की तो आकसतो. आतला भाग अजून ओला, तो आकसत नाही. मग वरची कातडी फाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावाला नसतो. कोकणातल्या माणसाला जे पावसाळी हवेत फुकट मिळतं, ते आपल्याला हंड्यानं द्यावं लागतं.

तुझे वडील याला ‘पाणी मारणं’ म्हणतात. स्लॅबवर विटांची नाहीतर मातीची आळी करून पाणी भरून ठेवतात, ते तू लहानपणापासून बघितलंस. शिल्पावर आळं करता येत नाही, पाणी ओघळून जातं. बांधकामाच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान दहा दिवस ओल ठेवायला सांगितली आहे. बाजारात आता बहुतेक ठिकाणी राख मिसळलेलं पीपीसीच मिळतं. परळीच्या औष्णिक केंद्रातून निघते तशी राख. ते वाईट नाही, उलट बारीक कामाला मला तेच आवडतं, फक्त ते सावकाश पकतं. म्हणून मी चौदा दिवस धरते. एक दिवस कमी नाही.

आता तू म्हणशील, आत्या, चौदा दिवस पाणी आणायचं कुठून? २०१६नंतर मी हेच शिकले. उघड्या शिल्पावर दिवसातून चार वेळा बादल्या ओतल्या तर निम्म्याहून जास्त पाणी जमिनीत जातं. त्याऐवजी बारदान भिजवून, पिळून, शिल्पाला अंगाबरोबर गुंडाळ. कानामागे, पायांच्या बेचक्यात, जिथे जिथे वारा शिरतो तिथे चिंध्या कोंब. त्यावर प्लॅस्टिकचा कागद सगळीकडून बांध आणि खाली दगड ठेवून कडा दाबून टाक. दोन दिवसांनी एका ठिकाणी हात घालून बघ. बारदान थंड लागलं तर हात लावू नको. कोमट लागलं तर एक तांब्या. एवढ्या मोठ्या वासराला दोन दिवसांत एक बादलीही लागत नाही. आणि उन्हाळ्यात ओतायचंच असेल तर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, लिंबाच्या सावलीत. दुपारी बारा वाजता ओतलेला माल घमेल्यातच मरतो.

घमेल्याचं निघालं म्हणून सांगते. तुझ्या हातात गवंड्याची सफाई आहे, ती तुला फार उपयोगी पडेल. पण घरातली एक सवय सोडावी लागेल. माल घट्ट वाटला की तांब्याभर पाणी घालायची. सैल माल थापीखाली लोण्यासारखा फिरतो, साच्यात आपोआप बसतो, आणि काम झाल्यावर ते जादा पाणी उडून जातं. त्याची जागा रिकामी राहते. शिल्प सच्छिद्र आणि भुसभुशीत होतं. पन्नास किलोच्या बॅगेला वीस ते बावीस लिटर, त्यावर नाही. मूठभर माल घेऊन आवळून बघ, लाडू वळला पाहिजे आणि बोटांमधून पाणी निथळता कामा नये. असा माल साच्यात जायला कुरकुर करतो, म्हणून रबरी हातोडीनं बाहेरून सतत ठोकत राहायचं, हवेचे बुडबुडे वर येईपर्यंत.

वाळू मी नदीची मिळेल तेव्हाच घेते, एरवी क्रश सँड. दगड भरडून केलेली असल्यामुळे तिच्यात भुकटी फार असते. काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलव आणि तासभर ठेव. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुतल्याशिवाय वापरू नको. बोअरचं मचूळ पाणीही नको. त्यानं आतलं लोखंड गंजतं आणि वर पांढरा लोणा फुटतो. पिता येईल असं पाणीच सिमेंटला चालतं. म्हणूनच एखादं शिल्प ओतायच्या आधी मी स्वतःला विचारते, याच्यासाठी हे पाणी खर्च करायची माझी तयारी आहे का. दहातली सहा कामं तिथेच गळतात, आणि ती गळलेलीच बरी असतात.

साच्याबद्दल पत्रात फार लिहिता येत नाही, ते हातानंच शिकायचं. तरी एक सांगते. वेरूळला जाऊन कैलास लेणं बघ, आणि तिथून आलास की धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. वेरूळला आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत नेला, नको ते काढून टाकलं. आपलं काम नेमकं उलटं. आपण पोकळी तयार करतो आणि ती भरतो. तुझ्या डोळ्यांना शिल्पाचं बाहेरचं अंग दिसतं, साचा बनवणाऱ्याला आतलं दिसावं लागतं. तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन अर्धी काढून जोडलेली. त्या मूर्तीकडे समोरून बघू नको, बाजूनं बघ. खांद्यावरून कानामागे जाणारी जोडाची रेघ कुठून नेली असेल ते शोध. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातला एक माणूस तुझ्यासारखाच प्रश्न सोडवत बसला होता, हे तिथे उभं राहिल्यावर मला दरवेळी जाणवतं आणि बळ येतं.

वासराच्या वेळी हा प्रश्न कानाचा होता. कान मागे वळलेला, त्यामुळे साचा सरळ ओढला असता तर कान तुटूनच आला असता. मी कानापुरता वेगळा तुकडा केला, बाकीच्या साच्यात त्याला खाचा दिल्या, आणि साबणाचं पाणी तीन वेळा लावलं. पहिला थर हातानं लावायचा. बारीक वाळू आणि सिमेंट, खडी अजिबात नाही, ब्रशनं खाचाखोचांत दाबून. मग दुसरा थर बारीक खडीचा, त्यात तारेची जाळी. जाळी बाहेरच्या बाजूपासून निदान इंचभर आत राहिली पाहिजे. वर आली तर गंजते, गंज फुगतो आणि सिमेंट उचकटून टाकतो. अंगाची जाडी दोन इंच, आत पोकळ. भरीव ओतायचा मोह होतो, पण एक घनफूट काँक्रीट सुमारे अडुसष्ट किलो भरतं. हे वासरू भरीव असतं तर तीनशे किलोच्या वर गेलं असतं आणि उचलायला चार माणसं पुरली नसती.

कुणी तुला म्हणेल, सिमेंट काय, ते गटाराच्या पाइपाचं सामान, त्यात कला कसली. त्याच्याशी भांडू नको, दोन गोष्टी सांग. लोखंड घातलेल्या काँक्रीटचं एक पेटंट १८६७मध्ये जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं घेतलं, आणि ते कशासाठी, तर झाडं लावायच्या कुंड्यांसाठी. त्याच्या कामात पूल नंतर आले, बाग आधी. आणि १९३८मध्ये शांतिनिकेतनात शिल्पकार रामकिंकर बैज यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उभं केलं ते सिमेंट आणि तिथल्या जांभ्या खड्यांमधून. संगमरवराला, पंचधातूला पैसे नव्हते आणि त्यांना ते नकोही होतं. ते साच्यातलं काम नाही, सांगाड्यावर थेट माल मारून केलेलं आहे. पण बाप, आई, पोरं, कुत्रं असं स्थलांतराला निघालेलं कुटुंब त्याच रस्त्याच्या मातीचं वाटतं. आपल्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या तू बघितल्यास. तुला ते शिल्प समजावून सांगायची गरज नाही.

बागेत बसवण्याबद्दल. माझं पहिलं मोठं काम एका शाळेच्या बागेतलं, पुस्तक वाचणारी मुलगी. मी काळ्या जमिनीवर फूटभर ओटा बांधून ती बसवली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. दुसऱ्या मे महिन्यात मुलगी एका अंगाला कलली. पोरं तिच्या खांद्यावर चढायची. मला कळलं तेव्हा त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मजूर नेऊन ती उतरवली. किल्लारीच्या भूकंपानंतर दगडांखाली काय होतं ते आमच्या पिढीनं बघितलंय. वजनाच्या गोष्टीत मला अंदाज चालत नाही. काळी माती काढून टाक, मुरूम लागेपर्यंत खोद. नाही लागला तर निदान तीन फूट खोदून मुरूम भर, पाणी मारून थराथरानं चोप, मग ओटा. आणि शिल्पातून ओट्यात गज उतरव. पोरं चढणारच. चढू नका असं लिहून उपयोग नाही.

हातांचं मात्र आजपासून ऐक. ओलं सिमेंट चुन्यासारखं जाळतं. पहिल्या वर्षी मी उघड्या बोटांनी थर दाबले, दोन दिवसांनी बोटांच्या पेरांवर भोकं पडली आणि महिनाभर भाकरी थापता आली नाही. रबरी हातमोजे घाल. ग्राइंडर चालवताना तोंडाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लाव, आणि शक्य तिथे ओलं करून घास. ती धूळ छातीत बसली की निघत नाही. तुझ्या वडिलांचा खोकला मी ऐकलाय. त्यांनाही एक मास्क घेऊन दे, माझं नाव सांगून.

आता तुझा दुसरा प्रश्न. ज्याच्यावरून हे केलं ते खरं वासरू शेजारच्यांचं होतं. मी त्यालाच समोर बांधून शाडूत त्याचा नमुना घडवला होता, तीन आठवडे रोज सकाळी. साचा तयार झाला त्या आठवड्यात त्यांचा चारा संपला आणि त्यांनी गाय-वासरू दोन्ही चारा छावणीत नेलं. गोठा रिकामा झाला. इकडे माझ्या वासराला भेगा पडल्या, तेव्हा फोडून टाकायचं म्हणून मी घण आणला होता. शेजारच्या वहिनी आल्या, भेगांवरून बोट फिरवलं, खाली बसल्या आणि त्याच्या मानेखाली खाजवायला लागल्या, खऱ्या वासराला खाजवतात तसं. ‘राहू द्या ताई,’ एवढंच म्हणाल्या. छावणीतून ते परत आलं पावसाळ्यात, तोवर इतकं वाढलं होतं की माझ्या शिल्पाशी जुळेना. भेगा वरच्यावरच होत्या, आत गेल्या नाहीत. पावसाळ्यात त्यांच्यात हिरवं धरतं, दिवाळीनंतर वाळून जातं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ये. हवेत ओल असते, शिकायला तेच दिवस बरे. घरी तुम्ही मातीचे बैल करता, त्यातला तू स्वतः केलेला एक घेऊन ये, वीतभर उंचीचा, शिंगं जरा जाड ठेव. त्याचाच पहिला साचा काढू. येताना चार जुनी बारदानं आण, धुवून, आणि वडील देत असतील तर त्यांची छोटी थापी.

तुझी
आत्या