ओव्हरलॉकची शेपटी कुठे बांधायची, कुठे सोडून द्यायची

निपाणीच्या ताईंचा प्रश्न असा की नवीन ओव्हरलॉक (कापडाची कड ब्लेडनं कापत कडेवर दोरे गुंफणारी मशीन) घेतली, शिलाई झकास येते, पण कडेचे दोरे कात्रीनं कापले की दोन धुण्यांत टोकाकडनं उसवायला लागतं, आणि मशीनला रिव्हर्सचं बटण काय सापडत नाही. ताई, सापडणार नाही, कारण ते नसतंच. ओव्हरलॉक पुढंच जाते, मागं येत नाही. नावात लॉक असलं तरी टोकाला कसलंच लॉक नसतं बघा.

मी शहापुरात 22 वर्षं शिवणकाम करतेय. सुरवातीला एका शाळेच्या गॅदरिंगचे परकर घेतले होते, एकदम 25, आणि फिनिशिंग चांगलं दिसावं म्हणून सगळ्यांची शेपटी, म्हणजे शिलाईच्या टोकाला लोंबणारी दोऱ्यांची साखळी, अगदी कापडाला लावून कापली. पोरींनी दोन दिवस प्रॅक्टिस केली आणि तिसऱ्या दिवशी बाईंनी गठ्ठा परत पाठवला, घेराच्या सांध्यातनं दोरे लोंबत होते. सासूबाई दारातनं म्हणाल्या, "काय करूलालीस गे, शिवलेलंच परत शिवूलालीस?" तेव्हापासनं मी शेपटीशी भांडण केलं नाही.

आधी हे समजून घ्या की तीन दोऱ्यांच्या मशीनमध्ये कापडातनं आरपार जातो तो फक्त सुईचा दोरा. लूपरचे, म्हणजे सुईशिवाय दोरा फिरवणाऱ्या दोन आकड्यांचे, दोन दोरे एक वरनं एक खालनं येतात आणि कडेवर एकमेकांत अडकतात, कापडाला ते टोचतच नाहीत. खात्री करायची तर चिंधीवर टीप मारून सुईचा दोरा ओढून काढा, बाकीचे दोन आपोआप गळून पडतात. (उसवायचं असेल तेव्हा हीच युक्ती, एकेक टाका कापत बसू नका.) म्हणजे टोकाला पकडून ठेवायचा तो सुईचा दोरा. चार दोऱ्यांच्या मशीनला सुया दोन असतात, तिथं दोन्ही दोरे पकडायचे.

पण प्रत्येक टोक बांधायला जाऊ नका हो, दिवस जाईल. आधी बघा ते टोक जाणार कुठं. परकराच्या सांध्याचं वरचं टोक नेफ्यात दुमडून टिपेखाली जातं, कुर्त्याच्या बाजूचं टोक खालच्या दुमडीत जातं, बाहीचा सांधा मुंढ्याच्या शिलाईत सापडतो. तिथं फक्त दोन बोटं शेपटी ठेवा आणि साध्या मशीनची टीप तिच्यावरनं जाऊ द्या, नंतर कापा. माझी चूक हीच होती, टीप मारायच्या आधी कापलं. खरं काम उरतं ते मोकळ्या टोकांचं, कुर्त्याचा कट, ओढणीचा कोपरा, बाळाचं झबलं असलं काहीतरी.

तिथं सगळ्यात पक्की म्हणजे हातसुई. चार बोटं शेपटी सोडून कापा, चिमटीत धरून ओढा म्हणजे साखळी बारीक होते, आणि मोठ्या नाकाच्या बोथट सुईत ओवून कडेच्या टाक्यांच्या आतनं इंचभर मागं न्या, बोगद्यातनं गेल्यासारखं, मग उरलेलं कापा. टोकदार सुई घेतलीत तर ती दोऱ्यातच घुसते आणि डोकं फिरतं. शेपटी आखूड कापली गेली असेल तर उलटं करा, आधी रिकामी सुई टाक्यांतनं सरकवा, नाक शेपटीजवळ येऊ द्या, मग ओवा आणि ओढा. ही अक्कल मला पाच वर्षांनी आली.

मशीनवरच करायचं असेल तर सुरवातीला कापडावर दोन-तीन टाके घाला, सुई खाली ठेवून फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचला, मागची शेपटी डावीकडनं पुढं आणा, सुई आणि ब्लेडच्या मध्ये कडेवर झोपवा आणि तिच्यावरनंच शिवत चला. इंचभर गेल्यावर उरलेलं टोक उजवीकडं ढकला, ब्लेड आपणच कापतं. शेवटी मात्र जरा नाजूक आहे. कापड संपल्यावर एकच टाका बाहेर मारा, सुई वर, फूट वर, सुईच्या दोऱ्याला किंचित ढील द्या आणि प्लेटवरच्या जिभेवरनं, म्हणजे टाके जिच्याभोवती गुंफले जातात त्या बारीक पट्टीवरनं, टाके हळूच मागं सरकवून काढा. आता कापड उलटं करून त्याच कडेवर इंचभर परत शिवा आणि तिरकं बाहेर पडा. ब्लेड खाली करता येत असेल तर करा. छोट्या मशीनला बहुतेक ते होत नाही, मग कड ब्लेडपासनं दोराभर लांब धरायची, नाहीतर आधीची शिलाईच कापली जाते, आणि मग काय, पहिल्यापासनं.

गोल शिलाईला, म्हणजे बाहीचं तोंड किंवा परकराचा घेर, सुरवातीच्या टाक्यांवर इंचभर चढून बाहेर पडलं की बरंच काम झालं. शेपटी मात्र आत ओवा.

मेणबत्तीनं जाळायचं म्हणाल तर पॉलिस्टर दोरा वितळून गोळी होते, सुती नुसता जळतो. बॅगेला, पडद्याला चालेल, पण ती गोळी कडक असते, बाळाच्या मानेला टोचते, झबल्याला अजिबात नको. पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब चालतो, पण गुळेदगुड्डच्या खणावर नको, डाग पडतो आणि गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. खण सुटतोही फार, तिथं मी ओव्हरलॉकच्या आधी साधी टीप मारते आणि शेपटी हातानंच ओवते, वेळ लागला तर लागला.

आणि वीतभर साखळी मशीनमधनं निघाली तर कचऱ्यात टाकू नका. ब्लाउजच्या हुकाला दोऱ्याचा फासा करायला, परकर अडकवायची लूप करायला ती फुकटची मिळते, मी डब्यात रंगवार गुंडाळून ठेवते.