टँकर मोजलेस का?

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईजवळच्या खेड्यातली, पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला. इंग्रजी कच्चं, मुंबईत ओळख नाही. घरचे म्हणतात, बी.एड. कर. माझं या क्षेत्रात काही होईल का?

उत्तर : अगं, पत्र दोन पानांचं आणि गावातली एकही बातमी त्यात नाही! काळजी वाटली ती त्याची, इंग्रजीची नाही.

माझा एक विद्यार्थी असाच गप्प बसायचा. उन्हाळ्यात त्याला म्हटलं, तुमच्या गावचा टँकर मोज. पठ्ठ्या आठवडाभर विहिरीपाशी वही घेऊन बसला. खेपा रोज दोनच. मग 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अधिकार टाकला. 2005 च्या कायद्यात 30 दिवसांची मुदत आहे. टँकरच्या सरकारी नोंदवहीची प्रत आली, तीत रोजच्या खेपा चार. पहिला मसुदा त्यानं ‘पाण्यासाठी टाहो’ असा सुरू केला होता. मी लाल पेनानं टाहो खोडला. वहीतल्या तारखा तेवढ्या ठेवल्या. पुढं त्याच कात्रणावर त्याला जिल्ह्याच्या दैनिकात काम मिळालं. पगार सुरुवातीला बेताचाच, हे घरी आधीच सांग.

बी.एड. वाईट नाही, पण भीतीपोटी करू नकोस. इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख मोठ्यानं वाच. मुंबईतल्या ओळखीचं म्हणशील, तर संपादक अनंत भालेरावांनी ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र चालवलं ते इथूनच, औरंगाबादेतून.

पुढच्या पत्रासोबत तीनशे शब्दांची बातमी जोड. कविता नको.