पीए स्कूलच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये आवडती स्पेशॅलिटी लिहावी का?

तुम्ही पुण्यात फिजिओथेरपी केलीत, आता टेक्सासमध्ये ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट आहात आणि पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासून उपचार करणारी व्यक्ती) होऊन ऑर्थोमध्येच काम करायचं आहे. हे पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, सरळ लिहू का, असं विचारलंय. माझं मत: ऑर्थोतले अनुभव मोकळेपणाने लिहा, पण ‘मला ऑर्थोमध्येच जायचंय’ असं लिहू नका.

मी न्यू जर्सीत इमर्जन्सीमध्ये पीए आहे. ओळखीतली मुलं अर्जाचे मसुदे वाचायला पाठवतात, आणि हा प्रश्न त्यांच्यातही हमखास निघतो.

कॅस्पा म्हणजे एकाच अर्जातून अनेक पीए स्कूलकडे अर्ज पाठवणारी सेवा. तिथलं पर्सनल स्टेटमेंट तुम्हाला एकच गोष्ट विचारतं: पीए का व्हायचंय? उत्तराला जागा 5,000 अक्षरांची, तीही मोकळ्या जागा धरून. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 मध्ये नौदलातल्या चार माजी वैद्यकीय सहाय्यकांना घेऊन पीएंचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो डॉक्टर कमी पडत होते म्हणून. आजही पीएचं शिक्षण सर्वांगीणच असतं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार ही सगळी रोटेशन्स, म्हणजे त्या त्या विभागातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तुम्हाला करावी लागतात. पँस या लायसन्ससाठीच्या परीक्षेच्या 300 प्रश्नांत हृदयापासून त्वचेपर्यंत सगळं येतं. शिवाय पास झाल्यावर पुन्हा रेसिडेन्सी न करता स्पेशॅलिटी बदलता येते, आणि या पेशाचं मला हेच सगळ्यात मोठं बळ वाटतं. म्हणून निबंधभर फक्त हाडं आणि सांधे दिसले, की वाचणाऱ्याला शंका येते: बाळंतपणाच्या रोटेशनमध्ये हिचं मन लागेल का?

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. फिजिओथेरपिस्ट आहात, सांध्यांची आवड आहे, मग अमेरिकेत फिजिओथेरपीचंच लायसन्स का नाही घेत? प्रवेश देणाऱ्या कमिटीच्या मनात हा प्रश्न येणारच. ऑर्थोवर जितका जोर द्याल, तितका तो घट्ट होईल.

त्यावर उपाय तुमच्या क्लिनिकमध्येच आहे. समजा, गुडघा बदललेल्या एका आजींची जखम भरत नाहीये. पीए त्यांची साखर तपासते, चालू औषधं बघते, घरी स्वयंपाक कोण करतं हे विचारते, मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन लावते. असं तुम्ही खरोखर पाहिलं असेल, तर तेच लिहा. फिजिओ म्हणून आपलं काम कुठे थांबलं असतं आणि पीए तिथून पुढे काय करू शकली, हे त्यातून आपोआप दिसतं. प्रसंग ऑर्थोचा असला तरी माणूस अख्खा दिसतो, आणि तुम्हाला पीएच का व्हायचंय तेही कळतं. मात्र प्रसंग तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलाच हवा, माझा उचलू नका.

हेही लक्षात घ्या की कॅस्पामधून एकच निबंध तुम्ही निवडलेल्या सगळ्या स्कूलना जातो. काहींचा भर ग्रामीण भागावर आणि प्राथमिक आरोग्यसेवेवर असतो. वॉशिंग्टन विद्यापीठाचा मेडेक्स नॉर्थवेस्ट हा पीए अभ्यासक्रम 1969 पासून त्याच वाटेने चाललाय. अशा ठिकाणी ‘फक्त ऑर्थो’ हे वाक्य नुकसानच करेल. एखाद्या स्कूलने स्वतःच्या पुरवणी प्रश्नांत पुढच्या योजना विचारल्या, तर तिथे ऑर्थोचं नाव जरूर लिहा.

मुलाखतीत कुणी थेट विचारलं तर लपवू नका. ‘सध्या ऑर्थो सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथेच काम केलंय, बाकीची रोटेशन्स मनापासून करायची आहेत’ एवढं पुरे. मात्र ते तेव्हा खरं असायला हवं. त्यासाठी अर्जाआधी जमेल तर एखाद्या फॅमिली मेडिसिनच्या पीएसोबत शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम बघणं) करून घ्या.